अकरा सेकंदांतला चेहरा

लॅपटॉप घरी आला त्या दिवशी मी दोनदा हात धुतले. एकदा खोकं उघडण्याआधी आणि एकदा आतला पातळ कागद बाजूला करण्याआधी. बायको दारात उभी राहून बघत होती. लग्नाच्या वेळी मला इतकं निरखून पाहिलं असतंत तर आपल्या दोघांनाही बरंच काही आधीच कळलं असतं, असं ती म्हणाली. मी कानाआड केलं. मला बोलायचं नव्हतं, बघायचं होतं.

आणि होताच तो बघण्यासारखा. राखाडी आणि निळा यांच्या मधला कुठलासा रंग, सगळं अंग धातूचं, वजन जेमतेम सव्वा किलो. एका बोटाने झाकण उचललं की उघडायचं आणि खालचा भाग टेबलावरून तसूभर हलायचा नाही. पडद्यावर काळा म्हणजे खरोखर काळा दिसायचा. आत ताकद किती आहे त्याचे आकडे दुकानदार सांगत होता आणि मी मान डोलावत होतो. निम्मे मला कळले नव्हते. दिसायला देखण्या वस्तू कामाच्या नसतात असं माझं ठाम मत होतं, बहुधा तशी एकही वस्तू माझ्या वाट्याला आली नव्हती म्हणून. ते मत एका संध्याकाळीच पार पुसलं गेलं.

मी जुने फोटो दुरुस्त करतो. फाटलेले, पिवळे पडलेले, ओल लागून काचेला चिकटलेले, घडी पडून कपाळाच्या मधोमध चिरलेले. फोटोतलं माणूस बहुतेक वेळा गेलेलं असतं. माझं दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची खोली, आणि शेजारच्या खोलीत फ्रेमवाला. मी चेहरा करतो, तो चौकट करतो, आणि गिऱ्हाईक आधी चौकटीचं कौतुक करतं. या गोष्टीचा मला पंचवीस वर्षं राग आहे.

हे काम मला मास्तरांनी शिकवलं. ते कॉम्प्युटरच्या आधीच्या काळातले, निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने काम करणारे. त्यांचा एक नियम होता आणि तो मोडणाऱ्याला ते दुकानात उभं करत नसत. कपडे, केस, मागची भिंत तुमच्या अकलेने भरा, ते म्हणायचे. डोळे, नाक आणि तोंड मात्र ज्याने तो माणूस पाहिलाय त्याला शेजारी बसवूनच करायचे. म्हणून माझ्या टेबलाशेजारी कायम एक स्टूल असे. माझा जुना कॉम्प्युटर एकेका बदलाला तीन-तीन, चार-चार मिनिटं घरघरत बसायचा. तेवढ्या वेळात आम्हा दोघांनाही दुसरं काही करण्यासारखं नसायचं, मग स्टुलावरचा माणूस बोलायचा. एका निवृत्त बस ड्रायव्हरने सांगितलं होतं की त्याच्या बायकोचा वरचा ओठ कायम भांडायच्या तयारीत असे, आणि ओठ एकटाच तयार असे असं नाही. एका बाईने वडिलांची नऊ तोंडं नाकारली. दहाव्याला ती टेबलावर डोकं टेकून रडायला लागली, तेव्हा मला कळलं की जमलं.

असा एक चेहरा व्हायला आठवडा लागायचा, कधी दोन. मी त्या कॉम्प्युटरला रोज शिव्या घालायचो. त्याला काहीच करता येत नाही असं मला वाटायचं. तो माझ्यासाठी काय करत होता ते मला फार उशिरा समजलं.

नव्या लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम चालायचा, जो जुन्यावर उघडलाही नसता. मोडका चेहरा त्याच्या हवाली केला की तो स्वतःच भरून द्यायचा. पहिल्यांदा बटण दाबलं आणि सवयीने चहाच्या कपाकडे हात नेला, तर कप ओठाला लागायच्या आत काम झालेलं. मी घड्याळ लावून मोजलं. अकरा सेकंद. शेजारी शेजारी तीन चेहरे यायचे, त्यातला आवडेल तो घ्यायचा. मी पहिला चेहरा एका म्हाताऱ्या गृहस्थाला दिला तेव्हा मनात धाकधूक होती. पण तो बघून रडला. दुसराही रडला. लोक रडतायत म्हणजे बरोबर आहे, असा सोपा हिशेब मी मनाशी करून टाकला. रडायला माणसाला फोटो हुबेहूब असावा लागत नाही, निमित्त पुरतं, हे मला सुचलं नाही. स्टुलावर आधी माझी पिशवी आली, मग कागदाचे गठ्ठे आले, मग एके दिवशी फ्रेमवाला ते उंचावर चौकट टांगायला घेऊन गेला आणि मी ते परत मागितलं नाही.

दोन वर्षं मी त्या लॅपटॉपसोबत अगदी संसार केला म्हणा ना. सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बायको कांदा चिरत असायची त्याच्या दुसऱ्या टोकाला. दुपारी दुकानात. संध्याकाळी गॅलरीत, मांडीवर. चार्जर कुठे ठेवलाय ते मला आठवायचं नाही, इतकी बॅटरी टिकायची. तापायचा नाही, आवाज करायचा नाही. चष्मा पुसायचं मऊ कापड मी त्याच्यासाठी राखून ठेवलं आणि चष्मा सदऱ्याला पुसायला लागलो. मग सदराही इस्त्रीचा घालायला लागलो, कारण त्याच्यासमोर चुरगळलेला बरा दिसत नव्हता. फ्रेमवाल्याने एकदा विचारलं, तुला त्याची लाज वाटते की त्याला तुझी? मी हसलो, पण कॉलर नीट केली.

आता आईच्या फोटोचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय यातलं काहीच सांगून उपयोग नाही.

मला आई आठवत नाही. ती गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो आणि ताई नऊ वर्षांची. आईचा एकच फोटो घरात होता, बाबांच्या खोलीत. एका वर्षी त्या भिंतीत पाणी मुरलं आणि फोटो काचेला चिकटला. बाबांनी तो सुरीने सोडवायचा प्रयत्न केला. कागद हातात आला आणि चेहरा पापुद्र्यांनी काचेवरच राहिला. उरलं काय, तर केसांचा भांग, डावा कान, हनुवटीची कड आणि अर्धा डोळा. बाबांनी तो कागद एका पाकिटात घातला आणि पुन्हा त्याविषयी चकार शब्द काढला नाही. आजोळ तर आई गेल्यावर कसल्याशा भांडणात तुटलेलंच होतं. कुणाचं काय चुकलं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

त्यामुळे माझी आई म्हणजे ताईने सांगितलेली आई. शाळेत जाताना ताई माझा हात धरून चालायची आणि मी रोज विचारायचो, आई कशी होती. ती रोज त्याच शब्दांत सांगायची. नाक तुझ्यासारखं, पसरट. समोरच्या दोन दातांत फट. हसताना मान वळवून भलतीकडेच बघायची. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर मी तिला अडवायचो. वर्गात पोरं मला नाकावरून चिडवायची, हे ताईला ठाऊक होतं. थोडा मोठा झाल्यावर मला वाटायला लागलं की नाकाचं तिने माझी समजूत घालायला रचलंय. तिचं मन राखायचं म्हणून मी तसं बोलून दाखवलं नाही.

ताई एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. तीस वर्षं झाली. नळ्या धुणं, द्रावणं तयार ठेवणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं हे तिचं काम. तिच्या घरी मिठाच्या बरणीवरसुद्धा मीठ असं लिहिलेलं आहे आणि खाली भरल्याची तारीख. मुलं तराजूचा काटा न बघताच आकडा ठोकून देतात याची तिला भारी चीड. अंदाज सांगू नका, काटा काय दाखवतोय ते सांगा, हे वाक्य तिने किती हजार वेळा म्हटलं असेल.

ते पाकीट ताईने माझ्याकडे आणून दिलं त्याला चौदा वर्षं होतील. करशील ना, एवढंच विचारलं तिने. मी म्हटलं, करू की, पण तुला बसावं लागेल, निदान दहा रविवार. ती म्हणाली, वीस बसते. मग कधी माझं काम आलं, कधी तिच्या परीक्षा, कधी मला कंटाळा. खरं सांगायचं तर कंटाळाच जास्त वेळा. ती वर्षातून एकदा आठवण करायची आणि वर स्वतःच म्हणायची, घाई नाही रे, ती कुठे पळून जातेय.

तिला पंचावन्न पूर्ण होणार होती त्याच्या आदल्या महिन्यात, एका मंगळवारी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी पाकीट काढलं, फोटो स्कॅन केला आणि लॅपटॉपवर घेतला. फोन केला असता तर ताई अर्ध्या तासात आली असती. मी केला नाही. तिला चकित करायचं होतं, हे एक. आणि माझ्या देखण्या यंत्राची करामत तिने बघावी असं मला फार वाटत होतं, हे दुसरं. दुसरंच मोठं होतं. आज मी ते कबूल करतो, तेव्हा केलं नसतं.

अकरा सेकंदांत तीन बायका पडद्यावर आल्या. पहिलीचं नाक जरा रुंद होतं. दुसरी रागीट वाटत होती. तिसरी सुंदर होती, सरळ नाकाची, मिटल्या ओठांनी मंद हसणारी. दुकानात सदरा निवडावा तशी मी आई निवडली, आणि तिसरी निवडली. तिच्याकडे बघून माझा ऊर भरून आला, हेही खोटं नाही. अठ्ठेचाळीस वर्षांत मी पहिल्यांदा कुणाला तरी मनातल्या मनात आई म्हणून हाक मारली.

फ्रेमवाल्याने त्याच्याकडचं सगळ्यात चांगलं लाकूड वापरलं. वाढदिवसाला मी आणि बायको ताईच्या घरी गेलो. ताईने कागद न फाडता, चिकटपट्टी सोडवून उलगडला. बराच वेळ बघत राहिली. मग छान आहे म्हणाली, मुलांचा प्रयोग फसला की म्हणते तशा आवाजात. थोड्या वेळाने म्हणाली, नाक असं नव्हतं रे. आणि तिचे ओठ असे मिटायचे नाहीत, दात मध्ये यायचे.

तिथेच मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसायला हवं होतं. सांग, म्हणायला हवं होतं. मास्तरांनी पंचवीस वर्षांपूर्वी मला तेवढं एकच शिकवलं होतं. त्याऐवजी मी पिशवीतून लॅपटॉप काढला, एका बोटाने झाकण उघडलं आणि तिला मूळ तुकडा चौपट मोठा करून दाखवला. अर्ध्या डोळ्याखाली एक फिकट सावली होती. ही नाकाची कड, मी म्हटलं, बघ किती सरळ उतरतेय. मग या यंत्राने लाखो चेहरे कसे अभ्यासलेत, कान आणि हनुवटी यांच्यावरून ते मधली हाडं कशी मोजून काढतं, असं मला जे अर्धंमुर्धं माहीत होतं ते सगळं पूर्ण माहीत असल्याच्या थाटात सांगितलं. बायकोने मला डोळ्यांनी दटावलं. मी थांबलो नाही.

ताई म्हणाली, "मला तर ती तशीच आठवते."

"ताई, तू नऊ वर्षांची होतीस," मी म्हणालो. "तो तुझा अंदाज झाला. हे मोजमाप आहे."

ताईने उलगडलेल्या कागदाची घडी घातली. मला वाटलं, तिला पटलं. आणि तिला खरंच पटलं होतं, हाच तर घोटाळा आहे. दुसऱ्या कुणाला यंत्राचं सांगून गप्प बसवता आलं नसतं, पण माझ्या बहिणीला आलं. तिने स्वतःचाच काटा चुकला असं धरलं आणि त्याच संध्याकाळी भिंतीला खिळा ठोकून फोटो लावला.

त्यानंतरची दोन वर्षं मजेत गेली. ताईला फोटोची सवय झाली, मग माया जडली. शाळेत निघताना येते गं असं त्याला सांगून निघायची. एकदा मी तिथे असताना शेजारीण आली आणि तुझ्या आई दिसायला फार छान होत्या म्हणाली. ताई म्हणाली, हो, नाक तर अगदी चाफेकळी. मी चहा पीत होतो. मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

गेल्या महिन्यात दुकानाच्या पत्त्यावर एक जाड पाकीट आलं. पाठवणारी माझी मामी होती, जिला मी जन्मात पाहिलेलं नाही. मामा गेले, घर आवरायला काढलं, तेव्हा हे सापडलं. तुमच्या आईचा आहे, तुमच्याकडे असावा. एवढंच लिहिलं होतं. आत दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये एक फोटो, कुठेही डाग नाही, चीर नाही. एक बाई कुणाची तरी सायकल धरून उन्हात उभी आहे. हसतेय, आणि हसताना मान वळवून भलतीकडेच बघतेय. समोरच्या दोन दातांत फट. आणि नाक माझं. मी रोज दाढी करताना आरशात बघतो ते, जसंच्या तसं, पसरट.

दुकानाचं दार मी आतून लावून घेतलं. लॅपटॉप उघडला, जुना तुकडा काढला आणि ती फिकट सावली पुन्हा मोठी केली. दोन वर्षांत मी ती एकदाही नीट बघितली नव्हती. ती नाकाची कड नव्हतीच. फोटो पुठ्ठ्याला चिकटवताना लागलेला डिंक होता, सुकून पिवळा झालेला. माझ्या धंद्यात पहिल्या वर्षाचा शिकाऊसुद्धा डिंकाचा डाग ओळखतो. मीही ओळखला असता, जर मला बघायचं असतं. पडदा नेहमीसारखा झळकत होता. त्याची काहीच चूक नव्हती. त्याला कुणीतरी विचारलं होतं की असा चेहरा कसा असू शकेल, आणि त्याने तीन उत्तरं दिली होती. आईचा चेहरा कसा होता, हे मी त्याला विचारलंच नव्हतं, आणि जिला विचारायचं तिला मी खोटं पाडलं होतं.

घरी गेल्यावर बायकोला फोटो दाखवला. तिने फोटोकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही बोलली नाही. माझी बायको काही बोलली नाही, यावरून काय ते समजा. रात्रीचं जेवण तसंच झालं. झोपायला जाताना तिने फक्त, ताईंना सांगायला हवं, उद्याच जा, असं सांगितलं.

तरी मी चार दिवस घालवले. त्या चार दिवसांत मी मनात एक दृश्य रचत होतो. मी कान पकडून माफी मागेन, ताई मला दोन शब्द सुनावेल, सुनावायलाच हवेत, मग फोटो हातात घेईल आणि म्हणेल, बघ, सांगत नव्हते का मी. मग आम्ही दोघं रडू आणि खरी आई भिंतीवर लावू. मामीने पाठवलेला फोटो मी त्याच चौकटीच्या मापाने छापून घेतला. एक ठिपकाही साफ केला नाही.

रविवारी सकाळी गेलो. लॅपटॉप मुद्दाम घरी ठेवला. ताई ओट्याशी उभी राहून बरण्या पुसत होती. मी नमस्कार-चमत्कार न करता म्हटलं की मामीने पाठवलंय, आणि छापलेला फोटो तिच्या हातात दिला. तिने आधी हात कोरडे केले. मग खिडकीपाशी उजेडात गेली.

मी तिच्या चेहऱ्यावर जे शोधत होतो ते काही केल्या येईना. शेवटी तिने विचारलं, "ही कोण?"

मी सांगितलं. डिंकाच्या डागाचं सांगितलं. तिने दोन वर्षांपूर्वी सांगितलेलं सगळं बरोबर होतं, नाक, दात, मान वळवणं, सगळं, आणि मी तिचं ऐकलं नाही, हेही सांगितलं. माफी मागितली. ती ऐकत होती, पण नजर फोटोवरच होती, अनोळखी माणसाचं ओळखपत्र तपासावं तशी.

"नाक असं होतं, हे मी तुला सांगायचे," ती म्हणाली.

"हो. रोज सांगायचीस."

"सांगायचे, ते आठवतंय मला. शब्द पाठ आहेत." तिने फोटो जरा लांब धरला, मग जवळ. "नाक आठवत नाही."

मी म्हटलं, आठवेल, थोडा वेळ बघ. ती खुर्चीवर बसली आणि खरोखरच बघत राहिली, कुणी काम सांगितल्यासारखी. मग हळूहळू सांगू लागली. तू तो फोटो दिलास त्यानंतर दोन-तीन महिने मी डोळे मिटले की ती दिसायची, आपली आठवणीतली, ताई म्हणाली. मग समोर भिंतीवर ही. दोघींचं जमेना. मला वाटायचं, आपण लहान होतो, आपलंच चुकत असणार. म्हणून ती दिसायला लागली की मी मनातल्या मनात दुरुस्त करायचे. नाक सरळ करायचे. ओठ मिटवायचे. करता करता एक दिवस दुरुस्त करायची गरजच उरली नाही.

हे तिने कसलाही आरोप न करता सांगितलं. तिने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी तिथून हलका होऊन उठलो असतो. तिची चूक एवढीच होती की तिने माझ्यावर विश्वास ठेवला. सेहेचाळीस वर्षं तिने तो चेहरा आमच्या दोघांसाठी सांभाळला होता, पाणी मुरलं, काच निघाली, बाबा गेले तरी सांभाळला होता, आणि मी तो तिच्याच हातून पुसून घेतला.

मी उठलो आणि भिंतीवरची चौकट काढायला हात वर केला. मला तेवढं एकच करता येण्यासारखं होतं.

"नको," ताई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ती काढलीस तर माझ्याकडे कुणीच नाही राहणार, छोट्या. ही तू ने. ही तुझ्यासारखी दिसते."

तिने फोटो माझ्या हातात ठेवला, माझी बोटं तिच्या दोन्ही हातांनी त्याच्या कडेवर मिटवली आणि चहा ठेवायला वळली. मी पुन्हा खाली बसलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात माझी खरी आई होती, आणि तिच्याविषयी विचारायच्या शंभर गोष्टी एकदम मनात गर्दी करायला लागल्या. सायकल कुणाची, ती कुणाकडे बघत होती, आवाज कसा होता. त्यातली एकच तोंडातून बाहेर पडली, लहानपणी शाळेत जाताना विचारायचो ती.

"ताई, हसताना आई कशी दिसायची गं?"

ताई ओट्याशी उभी होती. उत्तर देण्याआधी तिने मान वर करून भिंतीकडे पाहिलं.